मेनफ्रेमवरच्या लिनक्सचं नेट बसलं तर खालनं वर शोधत या

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा इकडची बरीच पोरं आता पुण्या-मुंबईच्या बँकिंग प्रोजेक्टवर घरनं काम करतात, आणि त्यातल्या ज्यांच्या वाट्याला आयबीएम झेड नाहीतर लिनक्सवन ह्या मेनफ्रेम मशीनवरचं लिनक्स येतं ते सुरुवातीला एकाच ठिकाणी अडकतात, नेट गेलं की पुढं काय बघायचं ते कळत नाही. लिनक्स तेच, शेल तेच, पण कार्ड डोळ्याला दिसत नाही, केबल हलवून बघता येत नाही, मग पिंग मारायचं, नेटवर्क सर्व्हिस रिस्टार्ट करायची, मग रीबूट, आणि तरी नाही आलं की ड्रायव्हर खराब म्हणून तिकीट टाकायचं. एस३९० म्हणजे ह्याच मेनफ्रेमसाठीचा लिनक्सचा कोड आयबीएमनं डिसेंबर १९९९ मध्ये कर्नल २.२.१३ वर पॅच म्हणून दिला, तेव्हापासून हे ड्रायव्हर बँकांच्या लोडखाली घासून घासून तयार झालेत, त्यामुळे ड्रायव्हरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

नदीवरनं लिफ्टनं पाणी आणलेलं असतं आणि उसाला पाणी आलं नाही तर आपण सरीच्या टोकाला उभं राहून वाट बघत बसत नाही, मोटार, व्हॉल्व, चेंबर असं नदीकडनं बघत येतो. इथं पण तेच करायचं. मशीनच्या आय-ओ कॉन्फिगरेशनमध्ये कार्ड दिलेलं आहे का, मधल्या हायपरवायझरनं (एका मशीनवर अनेक सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर) ते आपल्या गेस्टला, म्हणजे त्याच्यावर चालणाऱ्या आपल्या लिनक्सला, जोडलंय का, लिनक्सच्या चॅनल सबसिस्टिमला (मेनफ्रेमची डिव्हाइस जोडायची व्यवस्था) डिव्हाइस नंबर दिसतोय का, ड्रायव्हरनं त्याचा ग्रुप करून ऑनलाइन आणलाय का, इंटरफेस वर आहे का, आणि मग आयपी, रूट, फायरवॉल. पिंग ह्या सगळ्याच्या वरची गोष्ट आहे. कुठल्या पायरीवर अडलंय ते कळलं की फोन कुणाला लावायचा हे पण आपोआप कळतं, आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये अर्धं काम तेच असतं कारण हार्डवेअरवाले वेगळे, झेडव्हीएमवाले (आयबीएमचं हायपरवायझर) वेगळे, स्विचवाले तर तिसरीकडंच.

एक सांगून ठेवतो, खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत सलग टाकायची, म्हणजे एलएस-क्यूईथ लिहिलंय तिथं मधे डॅश नाही. फक्त सीआयओ-इग्नोर, ब्रिज-रोल, बफर-काउंट आणि प्रायमरी राउटर ह्यांच्या मधे अंडरस्कोअर येतो. बहुतेक सगळ्या एस३९०-टूल्स पॅकेजमध्ये येतात, आणि डिव्हाइस नंबर मी उदाहरणाला ०.०.०६०० धरलाय.

आधी आत शिरायची दुसरी वाट

नेटचंच काम करायचंय आणि तुम्ही त्याच नेटवरनं एसएसएचनं आत आहात, हे धोक्याचं आहे. त्यात आपल्याकडं पावसाळ्यात घरचं नेट आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीनं ते चांगलंच बघितलंय. म्हणून कुठलीही सेटिंग हलवायच्या आधी कन्सोल हातात घ्या. सरळ एलपारमध्ये (मशीनचा वेगळा केलेला भाग) लिनक्स असेल तर एचएमसीवर (मशीन सांभाळायचा कन्सोल) इंटिग्रेटेड आस्की कन्सोल असतो, त्यात व्हीआय वगैरे सगळं नीट चालतं. झेडव्हीएमखाली असेल तर ३२७० टर्मिनलवर (मेनफ्रेमची जुन्या पद्धतीची स्क्रीन) लॉगिन करायचं, आणि तिथं नवीन माणूस हमखास गोंधळतो.

३२७० वर खाली उजव्या कोपऱ्यात स्टेटस असतं ते आधी वाचायला शिका. मोर किंवा होल्डिंग दिसलं तर स्क्रीन भरलीय, क्लिअर दाबा. सीपी रीड (सीपी म्हणजे झेडव्हीएमचा कंट्रोल प्रोग्रॅम) दिसलं तर तुमचं लिनक्स थांबलेलं असू शकतं, बी टाइप करून एंटर मारा म्हणजे ते पुढं चालू होईल, आणि सेट रन ऑन ही सेटिंग गेस्टला कायम लावून घ्या नाहीतर कुणीतरी कन्सोल उघडला म्हणून चालू प्रॉडक्शन सर्व्हर थांबला असं होतं, लोक ते नेटवर्कचं बिघडणं समजून स्विच तपासत बसतात. ह्या कन्सोलवर कंट्रोल-सी चालत नाही, त्याऐवजी टोपीचं चिन्ह आणि सी असं टाइप करून एंटर करायचं. व्हीआय पण चालत नाही, लाईन मोड आहे, फाईल बदलायची तर सेड वापरा.

कन्सोल मिळतच नसेल आणि एसएसएचवरनंच करायचं असेल तर बदल करणारी आणि पाच मिनिटांनी जुनी सेटिंग परत लावणारी अशी एक छोटी स्क्रिप्ट करा, नोहपनं सर्व्हरवरच चालू करून द्या. लाईन परत आली, आत शिरता आलं, तर ती स्क्रिप्ट मारून टाकायची. टीमक्सनं तुमचं सेशन वाचतं पण बंद झालेला इंटरफेस त्यानं परत येत नाही, हे लक्षात ठेवा.

डिव्हाइस दिसतंय का

पहिली कमांड एलएस-सीएसएस. चॅनल सबसिस्टिमला काय काय दिसतंय ते सगळं ह्यात येतं. डिव्हाइस टाइपच्या कॉलममध्ये १७३२/०१ म्हणजे ओएसए नेटवर्क कार्ड, १७३२/०५ म्हणजे हायपरसॉकेट (एकाच मशीनमधल्या सिस्टिमचं आतलं नेट), १७३२/०३ म्हणजे एफसीपी, डिस्कवाल्याचं. ओएसएला नेहमी तीन डिव्हाइस नंबर लागतात, एक रीड, एक राईट, एक डेटा, म्हणून ०६००, ०६०१, ०६०२ अशा तीन ओळी दिसायला पाहिजेत. रीडचा नंबर सम पाहिजे आणि राईटचा त्याच्या पुढचा. दोनच ओळी दिसल्या तर तिसरी शोधल्याशिवाय पुढं जाऊच नका.

काहीच दिसत नसेल तर घाईघाईनं हार्डवेअरवाल्याला फोन लावायच्या आधी सीआयओ-इग्नोर बघा. रेड हॅटचं इन्स्टॉलेशन कर्नल पॅरामीटरमध्ये सगळी डिव्हाइस दुर्लक्षित करायची असं लिहून ठेवतं, आणि लागतील तेवढीच मोकळी करतं, कारण मोठ्या मशीनवर हजारो डिव्हाइस असतात आणि सगळी तपासत बसलं तर बूटला वेळ जातो. सीआयओ-इग्नोर डॅश एल नं यादी दिसते, डॅश आय आणि पुढं नंबर दिला तर तेवढं एक दुर्लक्षित आहे का ते सांगतं, डॅश आर नं मोकळं होतं. नवीन कार्ड दिलं पण दिसत नाही ह्या तक्रारीचं मूळ इथंच असतं बऱ्याचदा. आणि हे कायमचं करायचं तर कर्नल पॅरामीटर बदलून नंतर झिपल (इथला बूटलोडर लिहिणारी कमांड) चालवायचं, झिपल न चालवता रीबूट केलं तर बदल लागतच नाही, पीसीवर ग्रबची सवय असलेल्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

दुर्लक्षित पण नाही आणि दिसत पण नाही, मग एलएस-सीएचपी. ह्यात चॅनल पाथची स्थिती असते, व्हॅरी आणि कॉन्फिगर ह्या दोन्ही कॉलमला १ पाहिजे. टाइपमध्ये ११ म्हणजे ओएसए, २४ म्हणजे हायपरसॉकेट. व्हॅरी शून्य असेल तर तो पाथ तुमच्याच लिनक्सनं बंद केलाय, सीएच-सीएचपी डॅश व्ही १ नं तुम्हीच चालू करू शकता. कॉन्फिगर शून्य असेल तर कुणीतरी एचएमसीवरनं पाथ स्टँडबायला टाकलाय का ते आधी विचारा, न विचारता चालू करू नका, कारण तिकडं कार्ड बदलायचं काम चालू असू शकतं.

झेडव्हीएमखाली असाल तर अजून एक पायरी मधे येते. रूट होऊन व्हीएमसीपी क्यू व्ही एनआयसी चालवा, म्हणजे हायपरवायझरच्या नजरेतनं तुमचं व्हर्च्युअल कार्ड कसं आहे ते दिसेल, आणि कुठल्या व्हीस्विचला (झेडव्हीएममधला व्हर्च्युअल स्विच) जोडलंय ते पण. कार्ड आहे पण कशाला जोडलेलंच नाही असं दिसलं तर कपल, म्हणजे जोडणी, राहिलीय, नाहीतर व्हीस्विचवर तुमच्या गेस्टला ग्रँट, म्हणजे परवानगी, दिलेली नाही. ते झेडव्हीएमवाल्याचं काम, तुम्ही लिनक्समध्ये कितीही कमांड मारा त्यानं होणार नाही.

ग्रुप, ऑनलाइन आणि लेयरचं भांडण

डिव्हाइस दिसतंय पण इंटरफेस नाही, तर ते ग्रुप झालेलं नसेल. क्यूईथ हा ड्रायव्हर तीन नंबर एकत्र करून एक कार्ड बनवतो. एलएस-झेडडेव्ह चालवा, त्यात ऑन आणि पर्स असे दोन कॉलम आहेत, आणि हे दोन कॉलम मला सगळ्या टूल्समध्ये सगळ्यात उपयोगाचे वाटतात. ऑन म्हणजे आत्ता चालू, पर्स म्हणजे रीबूटनंतर पण राहणार. ऑनला येस आणि पर्सला नो दिसलं तर पुढच्या रीबूटला नेट जाणार हे आजच ठरलंय, कुणीतरी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या चालू सेटिंगच्या फाईली) इको मारून काम भागवलेलं असतं आणि सहा महिन्यांनी पॅचिंगच्या रात्री दुसऱ्याच माणसाला ते भोवतं. चालू करायला सीएच-झेडडेव्ह डॅश ई ०६०० एवढं पुरतं, ते आत्ताचं आणि कायमचं दोन्ही करतं, आणि दुर्लक्षित यादीतनं नंबर काढायचं काम पण स्वतःच करतं. बंद करताना मात्र जपून, नुसतं डॅश डी दिलं तर कायमची सेटिंग पण पुसली जाते, फक्त आत्तापुरतं बंद करायचं तर सोबत डॅश ए द्या.

आता ऑनलाइन आणताना एरर आला तर डीमेसग (कर्नलचे मेसेज) वाचा, अंदाज लावू नका. सगळ्यात जास्त दिसणारा मेसेज असा असतो की झेडव्हीएमला जो ओएसआय लेयर पाहिजे त्यासाठी हे क्यूईथ डिव्हाइस कॉन्फिगर केलेलं नाही. म्हणजे काय, तर व्हीस्विच दोन प्रकारचं असतं, इथरनेट मोडमधलं (लेयर २) आणि आयपी मोडमधलं (लेयर ३). इथरनेट मोडला लिनक्समध्ये लेयर२ ची सेटिंग १ पाहिजे, आयपी मोडला ०. दोन्हीकडं जुळत नसेल तर कार्ड ऑनलाइन येणारच नाही. सेटिंग फक्त डिव्हाइस ऑफलाइन असताना बदलते, म्हणून आधी बंद करून मग सीएच-झेडडेव्ह डॅश ई ०६०० लेयर२=१ असं द्यायचं. कुठला मोड आहे हे झेडव्हीएमवाल्याला विचारून घ्या, दोन्ही करून बघू म्हणत प्रॉडक्शनवर खेळू नका.

लेयर ३ चं अजून जरा सांगायला पाहिजे कारण तिथं पीसीवरचं ज्ञान उलटं पडतं. लेयर ३ मध्ये मॅक ॲड्रेसचा कारभार ओएसए कार्ड स्वतः बघतं, एआरपी (आयपीवरनं मॅक शोधणं) पण तेच करतं, लिनक्स फक्त आपला आयपी कार्डाकडं नोंदवतं आणि त्या आयपीची पाकिटं कार्ड त्याच्याकडं देतं. त्यामुळे आयपी नेबर बघून काही कळत नाही, कार्डाचं एआरपी टेबल बघायला क्यूईथ-एआरपी डॅश क्यू वापरावं लागतं. टीसीपीडंपमध्ये दिसणाऱ्या मॅकवर तिथं विश्वास ठेवू नका. साधं डीएचसीपी अडतं. आणि लिनक्सला राउटर करायचं असेल तर आयपी फॉरवर्डिंग चालू करून पुरत नाही, कारण दुसऱ्याच्या आयपीची पाकिटं कार्ड तुमच्यापर्यंत पोचवतच नाही, त्यासाठी रूट४ ह्या सेटिंगमध्ये प्रायमरी राउटर असं लिहावं लागतं. आयपी नोंदवता आला नाही असा मेसेज डीमेसगमध्ये आला तर बहुतेक तोच आयपी त्याच कार्डावर दुसऱ्या एलपारनं आधीच घेतलेला असतो. नवीन काही उभं करत असाल तर माझं स्पष्ट मत, लेयर २ घ्या, पुढं बाँडिंग, ब्रिज, डीएचसीपी सगळं ओळखीच्या पद्धतीनं चालतं.

ऑनलाइन आहे, तरी पण काही जात नाही

एलएस-क्यूईथ चालवा आणि स्टेटची ओळ बघा. सॉफ्टसेटअप लिहिलं असेल तर कार्ड ठीक आहे, फक्त इंटरफेस वर आणलेला नाही, आयपी लिंक सेट करून अप करा, किंवा नेटवर्क मॅनेजरचं प्रोफाईल ज्या नावाला बांधलंय ते नाव जुळतंय का बघा. ०.०.०६०० चं नाव ईएनसी६०० असं पडतं, आणि जुन्या सर्व्हरवरनं उचललेल्या प्रोफाईलमध्ये ईथ० लिहिलेलं असेल तर ते कधीच लागणार नाही. अप, लॅन ऑफलाइन असं दिसलं तर लिंक नाही. तिथं पोर्टनो बघा, काही ओएसए कार्डांना एका चॅनल पाथवर दोन पोर्ट असतात, ० आणि १, आणि लिनक्स आपोआप ० धरतं. केबल १ ला लावलेली असेल तर सगळं बरोबर दिसून पण लिंक येत नाही. हे एका आकड्याचं काम आहे, पण न कळल्यानं माणसं डेटा सेंटरवाल्याला दोन दोनदा केबल बदलायला लावतात.

बाहेर सगळीकडं जातंय, फक्त शेजारच्या एलपारशी बोलत नाही, असा प्रकार असेल तर फायरवॉल उघडायच्या आधी एलएस-क्यूईथमधली आयसोलेशनची ओळ वाचा. एकच कार्ड वाटून घेतलेल्या दोन सिस्टिम एरवी कार्डातल्या कार्डातच बोलतात, आयसोलेशनला ड्रॉप लावलेलं असेल तर ते बोलणं बंद होतं. बऱ्याच ठिकाणी सिक्युरिटीवाल्यांनी मुद्दाम लावलेलं असतं, त्यामुळे विचारूनच काढा.

व्हीलॅनचं पण असंच, व्हीस्विचवर तुमचा पोर्ट ॲक्सेस प्रकारचा असेल तर लिनक्समधनं टॅग लावून पाठवायचं नाही, ट्रंक असेल तर लावायचं. दोन्हीकडं लावलं की पाकिटं गुपचूप टाकून दिली जातात, एरर कुठंच येत नाही.

आता एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार), आणि इथं जरा थांबा. पिंग चालतं, एसएसएचचं लॉगिन पण होतं, पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की अडकतं, डेटाबेसचं कनेक्शन होतं आणि क्वेरीचं उत्तर येताना लटकतं, ही सगळी एमटीयूची लक्षणं आहेत. ओएसएवर जंबो फ्रेमसाठी ८९९२ वापरतात, पण तुम्ही इकडं ८९९२ केलं आणि मधल्या एका स्विचवर जंबो चालू नसेल तर लहान पाकिटं जाणार, मोठी मरणार. तपासायला पिंग डॅश एम (हा एम मात्र मोठ्या अक्षरातला) डू डॅश एस ८९६४ आणि पुढं पलीकडचा आयपी. ८९९२ मधनं आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे २८ वजा केले की ८९६४ येतात. ते गेलं नाही आणि १४७२ गेलं तर वाटेत कुठंतरी १५०० चीच वाट आहे. हायपरसॉकेटचा हिशोब वेगळा, तिथं मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये फ्रेमचा साईज १६, २४, ४० किंवा ६४ केबी ठरलेला असतो आणि त्याप्रमाणं एमटीयू ८, १६, ३२ किंवा ५६ केबीपर्यंत मिळतो, लिनक्समध्ये त्याच्या वर मागून मिळत नाही.

केव्हीएम (लिनक्समधलंच हायपरवायझर) चालवणाऱ्यांसाठी एक. लिनक्सवर ब्रिज केला, ओएसए त्यात टाकलं, गेस्ट होस्टशी बोलतो पण बाहेरनं उत्तर येत नाही, कारण कार्डाला फक्त होस्टनं नोंदवलेले मॅक माहीत असतात, गेस्टचा मॅक त्याच्या ओळखीचा नाही. प्रॉमिस्क्युअस मोड पीसीसारखा आपोआप लागत नाही. ब्रिज-रोल ही सेटिंग प्रायमरी करा, नाहीतर सरळ मॅकव्हीटॅप वापरा, मॅकव्हीटॅपला त्रास कमी आहे.

नेट हळू चालत असेल आणि पाकिटं ड्रॉप दिसत असतील तर बफर-काउंट बघा, ८ ते १२८ पर्यंत जातं, गर्दीच्या सर्व्हरला १२८ ठेवायला हरकत नाही, थोडी जास्त मेमरी जाते एवढंच.

डिस्कचं थोडक्यात

डिस्क दिसत नसेल तरी चाल हीच. डीएएसडीसाठी (मेनफ्रेमच्या स्वतःच्या पद्धतीची डिस्क) एलएस-डीएएसडी, एफसीपीसाठी (सॅन म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कवरची डिस्क) एलएस-झेडएफसीपी. एफसीपी ऑनलाइन आहे पण लन (स्टोरेजनं दिलेली डिस्क) दिसत नाही तर बहुतेक करून सॅन स्विचवरचं झोनिंग नाहीतर स्टोरेजवरचं मॅपिंग राहिलेलं असतं, तुमचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख नंबर) काढून त्यांना पाठवा. एनपीआयव्ही (एक पोर्ट अनेक पोर्टसारखा वापरायची सोय) चालू असेल तर प्रत्येक डिव्हाइस नंबरला वेगळा डब्ल्यूडब्ल्यूपीएन असतो, कार्डावर छापलेला नंबर देऊ नका. रूट फाईलसिस्टिमची डिस्क बदलली तर इनिटरडी (बूटच्या सुरुवातीची छोटी फाईलसिस्टिम) परत बनवून झिपल चालवायचं.

रीबूटच्या आधी डीबीजीइन्फो

एवढं करून पण सुटलं नाही, किंवा डीमेसगमध्ये डिव्हाइसची रिकव्हरी सुरू झाली असं परत परत येतंय, तर रीबूट करायच्या आधी डीबीजीइन्फो डॉट एसएच ही स्क्रिप्ट चालवा. ड्रायव्हर स्वतःचा बारीक लॉग मेमरीत ठेवत असतात, एस३९०डीबीएफ म्हणतात त्याला, आणि रीबूट केलं की तो गेला. स्क्रिप्ट तो लॉग, सिसएफएसची स्थिती, झेडव्हीएमची माहिती असं सगळं एका गठ्ठ्यात बांधून देते. सपोर्टवाले पहिल्यांदा तोच मागतात. तिकिटात मजकूर पण नेमका लिहा, नेट चालत नाही असं लिहू नका, ०६०० ते ०६०२ एलएस-सीएसएसमध्ये दिसतात, एलएस-झेडडेव्हमध्ये ऑन येस आहे, लिंक ऑफलाइन आहे, पोर्टनो ० आहे, असं लिहिलं की समोरचा माणूस खालच्या तीन पायऱ्या सोडून थेट कामाच्या जागी येतो.

आणि ज्यांना अजून अशा मशीनचा ॲक्सेस नाही त्यांनी घरच्या लॅपटॉपवर क्यूईएमयू टाकून डेबियनची एस३९०एक्स आवृत्ती चालवा, एमुलेशन आहे त्यामुळे हळू चालतं पण शिकायला पुरतं. तिथं ओएसए कार्ड नसतं, व्हर्टिओचं नेटवर्क असतं, एलएस-सीएसएसमध्ये कंट्रोल युनिटच्या कॉलमला ३८३२/०१ दिसेल, आणि तीन नंबरांचा ग्रुप करायचा सराव तिथं होणार नाही. पण सीआयओ-इग्नोरमध्ये डिव्हाइस लपवून परत काढणं, एलएस-झेडडेव्हचे कॉलम वाचणं, कर्नल पॅरामीटर बदलून झिपल चालवणं हे सगळं खऱ्या मशीनसारखंच होतं, आणि मोडलं तरी कुणाच्या बँकेचं काही अडत नाही.